वेशीच्या आतला कायदा : पोलीस पाटील या संस्थेची वाटचाल

संस्थेचा इतिहास स्थापनेच्या सालापासून सुरू करायचा, असा स्मरणिकांचा रिवाज आहे. पोलीस पाटील या संस्थेला तसे एक साल चिकटवता येत नाही. १९६७ म्हटले, तर ते सध्याच्या कायद्याचे साल. १८६७ म्हटले, तर ते इंग्रजांनी केलेल्या कायद्याचे. पाटील मात्र त्याच्याही आधी काही शतके चावडीवर बसून होता. या संस्थेला स्वतःची इमारत नाही, गणवेश नाही, हत्यार नाही. तरीही राज्यात या पदाच्या ३८,७२५ जागा मंजूर आहेत, आणि खेड्यातल्या माणसाला कायदा पहिल्यांदा भेटतो तो बहुधा याच माणसाच्या रूपाने.

या लांबलचक वाटचालीत एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. गावातल्या शांततेची जबाबदारी कोणाची? साऱ्या गावाची, सरकारची, की मधे उभ्या असलेल्या एका माणसाची? प्रत्येक राजवटीने याचे उत्तर वेगळे दिले. त्या उत्तरांचा हा आढावा.

पांढरीची जबाबदारी

मराठा अमलात पाटील हा गावचा वतनदार. सारावसुली, तंट्यांचा निवाडा आणि गावची राखण ही तिन्ही कामे त्याच्याकडे होती. लिहिणे कुलकर्ण्याचे, मदत चौगुल्याची. गोतसभेच्या निवाडापत्रांवर पाटलाची निशाणी म्हणून नांगर उमटे. राखणीचे खरे काम मात्र जागल्या, वेसकर आणि रामोशी यांच्या अंगावर असे. गावात कोण आले, कोण गेले, परका माणूस कोणाकडे उतरला, हे त्यांनी पाहायचे आणि पाटलाच्या कानी घालायचे.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला आणि पुढच्या गावच्या राखणदाराला तो पटवून देता आला, की पहिल्या गावाची जबाबदारी संपे आणि पुढच्याची सुरू होई. ज्या गावात माग संपला, त्या गावाने चोर तरी हजर करायचा, नाही तर मालाची भरपाई द्यायची. राखणदाराच्या ऐपतीपलीकडची रक्कम साऱ्या गावावर बसे.

या पद्धतीत चोरी ही एका घरची गोष्ट उरत नसे. भरपाईचा वाटा आपल्याही दारात येणार, हे ठाऊक असल्याने प्रत्येक जण जागा असे. परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकता येत नाही. रात्रभर जागायचे, सरकारी टपाल पोहोचवायचे, गुरामागे आणि चोरामागे धावायचे, ही कामे जातीने वाटलेली होती. महार वतनदाराच्या वाट्याला तुटपुंजे इनाम आणि बलुत्याची भाकरी येई. मान मात्र पाटलाचा. सामूहिक जबाबदारीचे ओझे सगळ्यांच्या खांद्यावर सारखे नव्हते.

पाटीलच अन्यायी निघाला तर काय, याचेही एक उत्तर आपल्या इतिहासात आहे. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रानुसार पुण्याजवळच्या रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअमल केल्याचे सिद्ध झाले, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले आणि पाटीलकी काढून घेतली. शिक्षेचे स्वरूप त्या काळाचे आहे. पण अधिकार हाती असलेल्याने प्रजेवर हात टाकला तर त्याचे वतनही त्याला वाचवू शकत नाही, हा दंडक या पदाच्या इतिहासात इतक्या आधीपासून नोंदलेला आहे, हे आपण विसरू नये.

दोन जुळे कायदे

एल्फिन्स्टनने जुनी घडी एकदम मोडली नाही. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या संहितेतील बाराव्या रेग्युलेशनने गावच्या पाटलाचे पोलिसी काम मान्य केले. मात्र त्याच काळात जुन्या व्यवस्थेचा एक आधार ढासळत होता. किल्ल्यांची आणि गावांची राखण करणारे रामोशी १८१८ नंतर हक्कांना मुकले. त्यांच्यातून उमाजी नाईक यांचे बंड उभे राहिले. १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी दिले गेले. पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याने रामोशांसह अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. १८७१ चा हा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी गाव राखले, त्यांचीच हजेरी घेण्याची वेळ गावावर आली. पोलीस आणि समाज यांच्यातला जो अविश्वास आज विमुक्त वस्त्यांवर जाणवतो, त्याची मुळे इथे आहेत.

१८६७ मध्ये मुंबई इलाख्यात दोन कायदे लागोपाठ झाले. त्या सालचा सातवा कायदा जिल्हा पोलिसांचा, आठवा ग्राम पोलिसांचा. जिल्हा पोलीस म्हणजे पगारी, गणवेशातले, सुपरिंटेंडेंटच्या हाताखालचे दल. ग्राम पोलीस म्हणजे पाटील आणि त्याचे गावकामगार, आणि त्यांच्यावर नियंत्रण जिल्हा दंडाधिकाऱ्याचे, म्हणजे कलेक्टरचे. पाटील पोलिसाचे काम करील, पण पोलीस दलाचा नोकर असणार नाही, ही विभागणी तेव्हा ठरली आणि ती आजतागायत टिकून आहे. आजही पोलीस पाटलाची नेमणूक प्रांत, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी करतात. रोजचे काम मात्र ठाण्याशी. दोन वरिष्ठांमधली ओढाताण ही आपल्या बैठकांत नेहमी निघणारी तक्रार दीडशे वर्षांहून जुनी आहे.

त्या कायद्याने पाटलाला थोडा न्यायाचा अधिकारही दिला होता. किरकोळ शिवीगाळ किंवा धक्काबुक्की करणाऱ्याला चोवीस तासांपर्यंत चावडीत अडकवून ठेवता येई. अकस्मात मृत्यू झाल्यास गावातली समजदार माणसे जमवून पंचनामा करणे, संशयिताला धरून ठाण्याकडे पाठवणे, गुन्ह्याची वर्दी देणे ही कामे ठरवून दिली गेली. १९०२-०३ च्या पोलीस आयोगानेही बजावले, की गावच्या प्रमुखाचे सहकार्य नसेल तर ठाण्यातले शिपाई कितीही वाढवा, गुन्हे उघडकीस येणार नाहीत.

सहकार्य हवे होते, पण त्याची दिशा बदलली होती. पूर्वी पाटील गावाच्या वतीने बाहेरच्यांशी बोलायचा. आता तो सरकारच्या वतीने गावावर नजर ठेवणारा झाला. भरपाईची सामूहिक पद्धत मागे पडली आणि जबाबदारीचे टोक एका माणसाकडे वळले. स्वातंत्र्य चळवळीत हा पेच उघड झाला. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या अनेक गुजराती पटेलांनी राजीनामे दिले. साताऱ्याकडे १९४३ नंतर प्रतिसरकारने खबऱ्यांना गावासमोर शिक्षा दिल्या, तेव्हा सरकारदरबारी वर्दी द्यायची की गावाशी इमान राखायचे, हा प्रश्न चावडीवरच्या माणसाला चुकवता आला नाही.

वतनाचे दुखणे

१८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरेच्या कामांना कायद्याची चौकट दिली. अनेक गावांत मुलकी पाटील आणि पोलीस पाटील अशी दोन पदे झाली आणि भाऊबंदांत पाळी लागू झाली. पाळी कोणाची, याचे दावे वर्षानुवर्षे कचेरीत चालत. ज्याची पाळी आली तो लायक आहे की नाही, हा प्रश्न गौण ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात वतनदारीच्या या सडलेल्या बाजूची चिकित्सा केली आहे. आपल्या पदाची जुनी थोरवी सांगणाऱ्याने तो ग्रंथ एकदा तरी वाचायला हवा.

याहून मूलगामी प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उपस्थित केला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदारांना सरकारी काम चोवीस तास करावे लागते आणि मोबदल्यासाठी मात्र गावाच्या मर्जीवर जगावे लागते, या विसंगतीवर त्यांचा रोख होता. ज्या यंत्रणेचा तळ वेठीवर उभा आहे, ती न्यायाची यंत्रणा कशी असेल, हा तो प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतर उत्तरे एकेक करून आली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली आणि तलाठी आला. १९५८ च्या कायद्याने महार वतनांसह कनिष्ठ गाव वतने संपली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटील हे पद रद्द झाले. दरम्यान गझुला दशरथ रामा राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातील ग्राम मुन्सफाच्या पदाबाबत निकाल दिला, की गावातील सरकारी पदावर वंशाच्या आधारे नेमणूक करणे घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाविरुद्ध आहे. वारसाहक्काने पाटीलकी चालवण्याला घटनेत जागा नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९६७ : नवे पद, जुने नाव

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा गावपोलिसांची व्यवस्था विभागागणिक निराळी होती. पश्चिम महाराष्ट्रात १८६७ चा कायदा, वऱ्हाडात तिथला पटेल-पटवाऱ्यांचा कायदा, नागपूरकडच्या मालगुजारी मुलखात मुकादम आणि कोतवाल, मराठवाड्यात निजामी अमलातले माली पाटील आणि पोलीस पाटील. या सगळ्यांच्या जागी महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ आला आणि १ जानेवारी १९६८ पासून राज्यभर लागू झाला. नाव तेच राहिले, आशय बदलला. वतन गेले, पाळी गेली. त्या गावचा रहिवासी असलेला, चांगल्या चारित्र्याचा, ठरलेल्या वयाचा आणि शिक्षणाचा कोणीही नागरिक, कोणत्याही जातीचा, स्त्री वा पुरुष, पोलीस पाटील होऊ शकतो, हे प्रथमच मान्य झाले. १९६८ च्या सेवाशर्तींच्या आदेशानुसार नेमणुकीचे वय २५ ते ४५, पहिली नेमणूक पाच वर्षांची आणि काम समाधानकारक असल्यास नूतनीकरण, साठाव्या वर्षापर्यंत.

कायद्याने सोपवलेली कर्तव्ये वाचताना एक गोष्ट विशेष लक्षात येते. गुन्हे रोखणे, गुन्हेगारांना न्यायासमोर आणणे, शांततेला बाधा आणणाऱ्या गोष्टींची माहिती ठाण्याला देणे, समन्स-वॉरंट बजावणे, ही अपेक्षित कामे त्यात आहेतच. पण गावातले आरोग्य आणि लोकांची एकूण स्थिती यांबद्दल दंडाधिकाऱ्यांना वेळोवेळी कळवत राहणे, हेही त्याचे कर्तव्य आहे. चोर पकडण्याइतकेच गावाची नाडी ओळखणेही कायद्याने पोलिसी काम मानले आहे. शहरातल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत असे वाक्य सहज सापडणार नाही.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूप स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. विहिरीत कोणी पडले, कोणी फास लावून घेतला, की बीट अंमलदार येईपर्यंत प्रेताजवळ गर्दी होऊ न देणे आणि मर्गची वर्दी देणे. यात्रा, पोळा, गणेशोत्सव, निवडणूक यांच्या बंदोबस्तात गावचे रस्ते आणि गावची माणसे दोन्ही दाखवून देणे. ‘एक गाव एक गणपती’साठी दोन मंडळांची मनधरणी करणे. बांध कोरल्याची, पाटाचे पाणी अडवल्याची कुरबुर कुऱ्हाडीपर्यंत जाण्याआधी दोघांना पारावर बसवणे. यातल्या अनेक गोष्टींची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही. झालेला गुन्हा नोंदता येतो, टळलेल्या गुन्ह्यासाठी रकाना नसतो. आपल्या संस्थेचे बरेचसे कर्तृत्व या न नोंदलेल्या भागात आहे आणि म्हणूनच मानधनाच्या वाटाघाटींत ते दाखवता येत नाही.

तंटामुक्तीचे दशक

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांचा तिला मोठा आधार होता. गावोगाव समित्या झाल्या, त्यांत पोलीस पाटलाकडे निमंत्रकाचे काम आले. जुने दिवाणी आणि तडजोडीस पात्र असलेले फौजदारी वाद सामोपचाराने मिटवायचे, नवे होऊ द्यायचे नाहीत, आणि यशस्वी गावाला लोकसंख्येनुसार बक्षीस, अशी ती योजना होती. शांततेची जबाबदारी पुन्हा साऱ्या गावाची करण्याचा स्वतंत्र भारतातला हा मोठा प्रयोग म्हणावा लागेल. फरक इतकाच, की पूर्वी चुकीबद्दल गावाला दंड होता, आता चांगुलपणाबद्दल बक्षीस होते.

मोहिमेने पुष्कळ घरांतली कोर्टकचेरी थांबवली. भावाभावांचे वाटप, शेतरस्ते, सामाईक विहिरी असे वाद पारावर सुटले. पण बक्षिसासाठी तंटे मिटल्याचे दाखवण्याचा मोहही काही ठिकाणी झाला. मार खाणाऱ्या बाईला ‘घरचे भांडण घरात मिटवा’ असे सांगणे ही तडजोड नव्हे. ते तक्रारीचे तोंड बंद करणे झाले. तडजोड कुठे करायची आणि गुन्हा कुठे नोंदवायचा, ही रेषा ओळखणे हे पोलीस पाटलाचे सर्वांत अवघड काम आहे, हा धडा या मोहिमेने दिला. पुढे मोहिमेचा जोर ओसरला, धडा मात्र कायम आहे. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध २०१७ मध्ये राज्यात सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा लागू झाला, तेव्हा हा धडा आणखी टोकदार झाला. बहिष्कार घालणारे गावकरीच असतात, कित्येकदा पाटलाच्या भावकीतलेच.

कसोटीचे प्रसंग

आपल्या इतिहासाचे एक काळे पान भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे आहे. सप्टेंबर २००६ मध्ये शेजारच्या गावच्या दलित पोलीस पाटलाला मारहाण झाली. त्या प्रकरणी खैरलांजीतल्या एका दलित कुटुंबातील मायलेकींनी साक्षीदार म्हणून जबाब दिला. आरोपी जामिनावर सुटले आणि २९ सप्टेंबरला त्या कुटुंबातील चौघांची हत्या झाली. कायद्याने पद सर्वांना खुले केले, पण दलित माणूस त्या पदावर बसला म्हणून गावाने त्याचा अधिकार मानला असे होत नाही, हे या घटनेने भीषण रीतीने दाखवले. पोलीस पाटलावर हात उचलला गेला तेव्हाच यंत्रणा हलली असती, तर पुढचे अनर्थ टळू शकले असते.

गडचिरोलीत कसोटी निराळी आहे. तिथे नक्षलवाद्यांनी पोलिसांचे खबरे ठरवून पोलीस पाटलांचे खून केले. दुसऱ्या बाजूने, माहिती दिली नाही म्हणून संशयही याच माणसावर येतो. दुर्गम गावात ना गणवेश ना हत्यार अशा अवस्थेत त्याने हे पद सांभाळले, याची नोंद पोलिसांच्या शौर्यकथांत फारशी होत नाही. ती निदान आपल्या स्मरणिकेत व्हावी.

तिसरी कसोटी २०२० ची. करोनाच्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून माणसे गावी परतू लागली, तेव्हा ग्रामसेवक, तलाठी, आशा कार्यकर्ती आणि पोलीस पाटील यांनी त्यांच्या नोंदी केल्या, शाळांमध्ये विलगीकरणाची सोय लावली, आणि वेशीवर काठ्या घेऊन उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांना आवरले. आपल्याच माणसाला गावात घेऊ नका म्हणणाऱ्यांना समजावणे हे लाठीचे काम नव्हते. लोकांच्या आरोग्याची खबर ठेवण्याचे कायद्यातले जुने कर्तव्य अर्ध्या शतकानंतर असे उपयोगी पडले. त्या कामात काही सहकाऱ्यांनी प्राण गमावले.

आजची स्थिती आणि पुढची वाट

आज निवड लेखी आणि तोंडी परीक्षेतून होते. जागांना सामाजिक आरक्षण आहे, महिलांसाठी राखीव जागा आहेत. मानधन २०१९ मध्ये ३,००० वरून ६,५०० रुपये झाले आणि मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते १५,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला. ही वाढ संघटित पाठपुराव्यातून मिळाली. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. गावात फरारी इसम आला, संशयास्पद मृत्यू झाला, तर कळवण्याचे गावकामगाराचे बंधन तिच्या ३४ व्या कलमात कायम आहे.

महिला पोलीस पाटलांची वाढती संख्या हा या संस्थेतला अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा बदल मानायला हवा. शतकानुशतके पाटीलकी ही पुरुषाची आणि मोठ्या घराची समजली गेली. आता ठाण्यात जायला कचरणारी सून किंवा मुलगी शेजारच्या घरातल्या पोलीस पाटलीणबाईंपाशी बोलू शकते. काही गावांत कारभार अजून त्यांच्या नवऱ्याच्या हाती असतो, हेही खरे. हे मोडायचे तर ठाणेदारांनी बैठकीला त्यांनाच बोलवावे आणि त्यांचीच सही घ्यावी.

मागण्यांची यादी लांबवण्यापेक्षा तीन गोष्टींवर भर द्यावासा वाटतो. पहिली, प्रशिक्षण. पंचनामा, बालविवाह, कौटुंबिक हिंसाचार, ॲट्रॉसिटी आणि ऑनलाइन फसवणूक या विषयांची ओळख नेमणूक होताच पद्धतशीर व्हावी. दुसरी, संरक्षण. वर्दी देणाऱ्याचे नाव ठाण्याच्या ओट्यावरून गावात पोहोचता कामा नये, आणि पोलीस पाटलावर हल्ला झाला तर त्याच दिवशी कारवाई व्हावी. तिसरी मागणी आपल्याच माणसांकडे आहे. वाळूचा ट्रॅक्टर, दारूचा गुत्ता, भावकीतला आरोपी यांकडे डोळेझाक करणारा पाटील गावाचा राहत नाही आणि ठाण्याचाही राहत नाही. अशा माणसाची पाठराखण संघटनेने करू नये.

वतनाच्या काळात पाटलाला जमिनीचे बळ होते, इंग्रजी काळात हुकमाचे. आजच्या पोलीस पाटलाकडे दोन्ही नाहीत. गावाने रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठवावे आणि ठाण्याने त्याच्या शब्दाची दखल घ्यावी, एवढ्यावरच हे पद चालते. यातली एक बाजू निसटली तर दुसरीही टिकत नाही. पुढच्या पिढीतल्या पोलीस पाटलांना आपण काय देऊ शकतो, तर मानधनाच्या पुढच्या टप्प्यासोबत हा दुहेरी विश्वास सांभाळण्याची शिस्त.